अप्पांचा रेडिओ दुर्मीळ नव्हता

संदेशने रेडिओचा एक उभा फोटो काढला, मग आडवा काढला, मग जमिनीवर उकिडवा बसून आणखी एक काढला आणि म्हणाला, "आत्या, फार दुर्मीळ पीस आहे हा."

संदेश माझा पुतण्या. गुणी मुलगा आहे, पण घरातल्या वस्तूला 'पीस' म्हणणाऱ्या माणसाला मी चहा जरा उशिरानेच देते. तो ज्या बांधकाम कंपनीत नोकरी करतो, तिने आमच्या जुन्या गिरणीच्या जागेवर उंच इमारती उभ्या केल्या आहेत. गिरणीचं सगळं पाडलं, चिमणी तेवढी ठेवली. तिला संध्याकाळी रंगीत दिवे लावतात. चिमणीच्या पायाशी क्लबहाउस आणि क्लबहाउसच्या तोंडाशी 'वारसा दालन'. त्यात गिरणी कामगारांच्या घरांतल्या जुन्या वस्तू मांडायचं ठरलं होतं. कामगारांच्या म्हणजे आमच्याच, कारण त्या कंपनीत गिरणी कामगाराचा नातू म्हणता येईल असा संदेश एकटाच होता.

"आणि रेडिओखाली काय लिहिणार?" मी विचारलं.

त्याने मोबाइल पुढे केला. 'दुर्मीळ रेडिओ. कै. मारुतीराव यांना त्यांच्या निष्ठावान सेवेबद्दल गिरणीच्या मालकांकडून सप्रेम भेट.'

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, हयातीत कुणी राव म्हटलं नव्हतं. ते मी सोडून दिलं असतं. मेलेल्या माणसाला काहीही चिकटतं. पण सप्रेम भेट?

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सरांनी लिहिलं. स्टोरी लागते गं आत्या. नुसता रेडिओ बघायला कोण थांबणार?"

"तुझ्या आजोबांनी स्वतः विकत घेतलाय तो."

"ते मला माहितीये. पण त्यात स्टोरी काय?"

तो गेल्यावर मी रेडिओसमोर बसले. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटमध्ये तो टीव्हीच्या शेजारी असतो. लाकडी खोका, पुढे सोनेरी धाग्यांचं कापड, खाली लांबट काच आणि काचेवर गावांची नावं: लाहोर, ढाका, कोलंबो, दिल्ली. सोलापूर त्या काचेवर नव्हतं. लहानपणी मला याचा फार राग यायचा. एकदा मी पेन्सिलीने लिहूनही टाकलं, ढाक्याच्या जरा अलीकडे. आईने ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि म्हणाली, "आपुन हितंच हाय की. ते कशाला हुडकायचं?"

स्टोरी काय, म्हणे.

अप्पा साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात. एका छपराखाली शेकडो माग एकदम चालायचे. तिथे वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचे कान संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येत नसत. मोठ्याने बोललेलं अप्पांपर्यंत पोचायचं, पण शब्द सुटे व्हायचे नाहीत. सगळं बोलणं भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखं एकत्र यायचं. साचेवाले म्हणूनच आपसात ओठांनी आणि बोटांनी बोलत. धागा तुटला, धोटा अडकला, चहा प्यायचा का, सगळ्याला खूण होती. मुकादम येताना दिसला की कपाळावरची टोपी सारखी केल्यागत दोन बोटं फिरवायची. आमच्या घरातही हीच भाषा चाले. आम्ही भावंडं आधी ओठ हलवायला शिकलो. त्यांच्यात आवाज भरायचा असतो हे मागाहून कळलं.

असा माणूस रेडिओ घेणार म्हटल्यावर चाळीत हसू झालं. शेजारची नरसम्मा विड्या वळायची. घरी तेलुगू बोलायची आणि आमच्याशी भांडण्यापुरती मराठी. ती म्हणाली, "मारुती, तुला ऐकूच येत न्हाय. रेडिओ कशाला पायजे रे?"

आईने ओठांनी ते अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "मला ऐकू येत न्हाय म्हणून माज्या घरानं गप बसायचं का?"

मी तेव्हा दुसरीत होते. कारखान्यांतून रेडिओ असे धडाधड निघू लागले होते की नव्या पेठेतल्या दुकानात काचेमागे एकाच तोंडवळ्याचे पाच-सहा भाऊ ओळीने बसलेले दिसत. दुकानदाराने एकेक लावून दाखवला. आवाजाची गोडी, कारखान्याचं नाव, खोक्याची चमक, काय काय सांगत राहिला. अप्पांचं लक्ष नव्हतं. ते प्रत्येक खोक्यावर उजवा तळवा ठेवत, डोळे मिटत आणि पुढे सरकत. पाचव्यापाशी ते बराच वेळ थांबले.

"ह्यो."

"मामा, त्यो नको," दुकानदार घाईने म्हणाला. "त्याचा खोका थरथरतोय. आतला कर्णा सैल हाय. त्यो मला परत धाडायचाय."

आईने भाषांतर केलं. अप्पांचा तळवा हलला नाही.

"म्हणूनच की. बाकीचे नुस्ते दिसायला बरे हायत. ह्यो बोलतोय."

अशा रीतीने आम्ही दुकानातला सगळ्यात खराब रेडिओ पारखून घरी आणला. पुढे आमच्याकडे जे काही वाजलं, त्याच्या बुडाशी डब्यात माशी अडकल्यासारखी एक गुणगुण कायम असायची. मोठे बुवा गात असोत की कुणी ज्वारीचे भाव सांगत असो, गुणगुण सगळ्यांना सारखी. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदा स्वच्छ आवाजाचा रेडिओ ऐकला, तर मला तो उघड्या अंगाचा वाटला.

बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आधी काचेमागे पिवळा उजेड यायचा, मग तापलेल्या धुळीचा आणि लाकडाच्या रोगणाचा वास, मग लांबून कुणी शेंगा भाजत असल्यासारखी खरखर, आणि तिच्यातून हळूहळू माणसाचा आवाज वर यायचा. ते वाट बघणं मला फार आवडायचं. उन्हाळ्यात खोका इतका तापायचा, की आई त्याला पंख्याने वारा घालायची. आम्हाला घालायची नाही.

रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागायचं. छोटी पुस्तिका, आत अप्पांचं नाव. सरकारने अप्पांचं नाव लिहून दिलेला तो आमच्या घरातला पहिला कागद. आईने तो देवाच्या तसबिरीमागे ठेवला.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा व्हायची. आईने विळी मांडली, पाटा-वरवंटा मांडला, अप्पांची धागे कापायची कात्री मांडली आणि शेवटी रेडिओ. नरसम्मा दारातून म्हणाली, "हे काय हत्यार हाय का?"

"मग काय हाय?" आई म्हणाली. "बोलतंय, तापतंय आन घरातल्या घरात भांडणं लावतंय. आनखी काय पायजे हत्याराला?"

आणि तिने कुंकवाचं बोट नेमकं त्या सोनेरी कापडावर टेकवलं. तो डाग अजून आहे.

दुपारी नरसम्मा आणि आणखी दोघी सुपं घेऊन आमच्या दारात बसायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूचा नाकात चढणारा वास, कात्र्यांची कचकच. रेडिओवर महिलांचा कार्यक्रम. कुणी बाई अत्यंत शुद्ध मराठीत केक करायला शिकवत.

"किती अंडी म्हणली?" नरसम्मा विडीचं तोंड मुडपत विचारायची.

"चार."

"चार अंड्यात आमचं दोन दिवस भागतंय की. येडी हाय का बाई?"

पण पुढच्या आठवड्यात ती वेळेवर हजर असायची. बाईंची आणखी काय काय चूक होतेय, ते बघायला.

वर्षा-दोन वर्षांत चाळीत पुष्कळ रेडिओ झाले. बहुतेक आमच्यासारखेच, त्याच काचेचे, त्याच कापडाचे. नळावरून कळशी घेऊन घरापर्यंत येताना गाण्याची एक ओळ चुकायची नाही. एका दारातून सुटलेली दुसऱ्या दारात सापडायची. गिरणीच्या मोठ्या साहेबाचा बंगला माझ्या शाळेच्या वाटेवर होता. फाटकाला कुत्रा, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. एका सकाळी मी तिथून जात होते आणि आतून बातम्या ऐकू आल्या. तोच आवाज, तेच वाक्य, जे घरी अर्धं ऐकून मी निघाले होते त्याचंच उरलेलं अर्धं. मी तिथे उभी राहून हसायला लागले. साहेबाच्या घरी वेगळं दूध यायचं, वेगळे तांदूळ यायचे, पण बातमी तीच, त्याच वेळी, आमच्याएवढीच. त्याच्या पैशाने त्याला ती पाच मिनिटं आधी मिळत नव्हती.

दुर्मीळ असता, तर रेडिओ त्या बंगल्यातच राहिला असता. तो दुर्मीळ नव्हता, म्हणून आमच्याकडे आला. एवढी साधी गोष्ट दालनं उभारणाऱ्यांना कशी कळत नाही?

संध्याकाळी सातच्या बातम्यांना अप्पा रेडिओसमोर मांडी घालत. तळवा खोक्यावर. बोलणारा माणूस आहे की बाई, घाईत आहे की निवांत, गाणं आहे की रडणं, हे ते तळव्याने सांगत आणि सहसा चुकत नसत. शब्द मात्र आम्ही द्यायचे. आधी हे काम आईकडे होतं. पण ती बातम्यांत स्वतःची भर घालायची.

"मंत्री काय म्हणले?" अप्पा विचारत.

"म्हणले, पाऊस पडंल. दरसाल म्हणत्यात."

म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी रेडिओच्या बाजूला, अप्पांकडे तोंड करून बसायची आणि कानावर येईल ते आवाजाशिवाय ओठांनी सांगायची. दिल्ली, परराष्ट्र, शिष्टमंडळ, असे भलेमोठे शब्द. त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, पण ते तोंडात कसे बसतात, हे मला पक्कं कळत होतं.

एकदा मी खोटं सांगितलं.

गिरणीत तेव्हा काहीतरी बिनसलं होतं. का, कशावरून, ते मला आजही धड सांगता येणार नाही. फाटक बंद होतं. सकाळचा भोंगा होत नव्हता आणि तो नाही म्हणून सगळी चाळ लवकर जागी व्हायची. अप्पा रोज फाटकापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. घरात दोन्ही वेळा शेंगांची चटणी आणि भाकरी, आणि कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. त्या संध्याकाळी आई माहेरी गेलेली होती, आणि बातम्यांत आमच्या गिरणीचं नाव आलं. बोलणी फिसकटली आहेत, गिरणी बेमुदत बंद राहील. मी अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, ताटाकडे बघावं तसं.

"बोलणी चालू हायत," माझे ओठ म्हणाले. "उद्या बघू म्हणले."

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दाढी केली. स्वतःच डबा भरला आणि गेले. फाटकाशी जमलेल्या सगळ्यांना बातमी ठाऊक होती. डबा घेऊन आलेले ते एकटेच. लोक काय म्हणाले असतील, ते त्यांना ऐकू आलं नसेल, पण साचेवाल्यांना ओठ वाचता येतात.

ते परत आले. डबा न उघडता खाली ठेवला. मार बसणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी होते. ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरी, जे येतंय ते सांगायचं. वाईट वाटून घ्यायचं का न्हाय, ते माजं मी बघंन."

मग संध्याकाळी सातला त्यांनी पुन्हा मलाच समोर बसवलं. आई परत आली होती, तरी मलाच.

पुढे गिरणी सुरू झाली, पुन्हा बंद पडली, आणि एकदा बंद पडली ती पडलीच. अप्पा गेले. बाजारात आधी खिशात मावणारे रेडिओ आले, मग टीव्ही. मोठ्या रेडिओचे आतले दिवे, म्हणजे व्हॉल्व्ह, मिळेनासे झाले, दुरुस्ती करणारे त्याच दुकानात मोबाइलची कव्हरं विकू लागले. चाळीतले रेडिओ एकामागून एक भंगारात गेले. नरसम्मानेही मागाहून एक घेतला होता; विड्या वळता वळता तो कधी गप झाला, ते तिलाही आठवत नव्हतं. मी मात्र पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि मुलांनी वाचताना एखादा शब्द गाळला, की मी त्यांना ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायची.

म्हणून मी संदेशला फोन केला. म्हटलं, रेडिओ देते. पण खाली लिहायचं: 'साचेखात्यात काम करणाऱ्या मारुतीने आपल्या घरासाठी स्वतः घेतलेला रेडिओ. असे लाखो होते.' सोबत लायसनचा फोटो पाठवला.

दोन दिवसांनी तो घरी आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणाला, "सर म्हणतात, लायसन आजोबांच्या नावावर असलं तरी भेट असू शकते."

"असू शकतं. मीही चीनची राणी असू शकते."

"आत्या, प्लीज. मी शब्द दिलाय. माझी नोकरी अजून कायम नाही झाली."

"मग तुझ्याबद्दल काय पाहिजे ते लिही. मी चांगलं बोलेन. आजोबांबद्दल लिहायचं तर झालं ते लिही."

"लोकांना बरं वाटेल असं लिहिलं तर काय बिघडतं?"

काय बिघडतं, ते मी त्याला सांगितलं. डब्याचं सांगितलं. तो ऐकत राहिला, चहा न पिताच उठला, आणि रेडिओ माझ्याकडेच राहिला.

उद्घाटनाची पत्रिका मात्र आली. जाड कागद, सोनेरी चिमणी, मान्यवरांची नावं उतरत्या क्रमाने. रविवारी सकाळी मी गेले. ढोल-ताशा होता. कुणा पुढाऱ्याची वाट बघत सगळे तासभर उभे होते आणि वाट बघायला लावणं हाच त्याचा मोठेपणा असल्याने कुणाची तक्रार नव्हती. मी आत दालनात जाऊन बघून आले. एक माग, नवा रंग दिलेला. पितळी घंटा. आणि एका चौरंगावर रेडिओ. तोच खोका, तीच काच, लाहोर, ढाका. कापड स्वच्छ होतं. आमचा नव्हता, जुन्या बाजारातून आणलेला होता. शेजारी उभ्या फ्रेममध्ये कार्ड: कै. मारुतीराव, निष्ठावान सेवा, सप्रेम भेट.

त्या बिचाऱ्या रेडिओचा काही दोष नव्हता. तोही कुठल्यातरी घरात तापला असेल, कुणीतरी त्यालाही वारा घातला असेल. त्या घराचं नाव पुसून त्याला माझ्या बापाच्या नावाने खोटं बोलायला उभं केलं होतं.

संदेशचे सर मागून आले. हसरे, सुगंधी. मी त्यांना म्हटलं, हा आमचा रेडिओ नाही.

"मॅडम, तुम्हीच तर म्हणालात ना, असे लाखो होते? मग हा काय आणि तो काय!"

माझंच वाक्य त्यांनी माझ्यासमोर ठेवलं होतं आणि ते बरोबर होतं. मला क्षणभर त्यांचं कौतुकही वाटलं.

"खरंय," मी म्हणाले. "रेडिओ कुठलाही चालेल. तो तुमचा आहे, ठेवा. नाव आमचं आहे, ते मी नेते."

मी फ्रेममधून कार्ड ओढून काढलं आणि पिशवीत टाकलं. "अहो, अहो," सर म्हणाले, पण बाहेर ढोल वाढला होता, पुढारी उतरत होता आणि सरांना दोन्हीकडे धावायचं होतं. त्यांनी संदेशकडे पाहिलं. संदेश दारातच उभा होता. तो खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती. मी त्याच्याजवळून बाहेर पडेपर्यंत तो बांधतच होता.

फाटकाशी गणवेशातल्या पोरसवदा पहारेकऱ्याने मला थांबवलं. जवळच्या कुंभारी गावचा असावा, बोलण्यावरून वाटलं.

"मावशी, पिशवी दावा. आतनं काय नेत असला तर पास लागतो."

जागा तीच होती. फाटक नवं, पण जागा तीच. गिरणी चालू असताना पाळी सुटली की इथेच प्रत्येक साचेवाला हात वर करून उभा राहायचा आणि पहारेकरी त्याच्या अंगावरून हात फिरवायचे. कुणी कापडाचा तुकडा कमरेला गुंडाळून नेत नाही ना, म्हणून. अप्पांनी सगळी हयात इथे रोज झडती दिली.

मी पिशवी उघडली. त्याने कार्ड काढून ओठ हलवत वाचलं.

"हे मारुतीराव कोन?"

"माझे वडील. हितंच कामाला होते."

"मग मालकानं रेडिओ दिलता व्हय त्यास्नी?"

"न्हाय. स्वतः घेतला."

"मग ह्ये असं का लिवलंय?"

"म्हणून तर घेऊन चालले."

त्याने आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "पन मावशी, पास न्हाय. मला बोलत्याल की सायब."

त्याचंही बरोबर होतं. मी कार्ड त्याच्या हातातून घेतलं, वडिलांचं नाव असलेली पट्टी नीट दुमडून, नखाने घडी दाबून फाडली आणि पिशवीत ठेवली. निष्ठावान सेवा, मालक, सप्रेम भेट, उरलेलं सगळं त्याच्या हातात परत दिलं.

"आन सायबांनी इचारलं, तर काय सांगू?"

"सांगा," मी म्हणाले, "म्हातारीची झडती घेतली. कंपनीचा माल एवढाच सापडला."